मेंढ्यांनी राखलेली फुलपाखरं

कुणी कुणाला फसवलं ते आधी सांगून टाकतो. शहरातल्या एका निसर्गसंस्थेच्या प्रमुखानं मला फसवलं, आणि माझ्या तोंडून बिराप्पा मेंढपाळाला फसवलं. माळ त्याच्या मेंढ्यांना चरायला मोकळा राहील असा शब्द दिलेला होता. आज त्या माळाभोवती चर खणलेला आहे, आत झाडांचे खड्डे आहेत आणि मेंढ्या बाहेर आहेत. साहेबांचं आणि संस्थेचं नाव छापणार नाही, असं संपादकांनी मला आधीच कळवलं आहे. म्हणून मी त्यांना नुसतं साहेब म्हणतो. ज्याला कळायचं त्याला कळेल.

दिवाळी अंकात आठवणी लिहिणारी माणसं शाळेतून, कोर्टातून, दवाखान्यातून निवृत्त झालेली असतात. मी गवताचा व्यापारी. मला कुणी निवृत्त केलेलं नाही आणि मीही झालो नाही. फक्त गुडघे आता गाडीत चढू देत नाहीत. सीमाभागातल्या हुलसूरच्या अलीकडे माझं गवताचं आणि कडब्याचं गोदाम आहे. डोक्यावर भारा घेऊन सुरुवात केली आणि स्वतःच्या ट्रकपर्यंत आलो. मधल्या वर्षांचा पाढा वाचत बसत नाही, त्यात सगळ्यांचं सारखंच असतं.

आमचा धंदा नजरेचा. गवत कापल्यावर कुणीही सांगेल किती आहे ते. व्यापाऱ्यानं ते उभं असताना सांगायचं असतं. माळाच्या कडेनं एक फेरी मारायची, चार ठिकाणी मूठ धरून बघायची, बुडाशी किती दाट आहे ते बोटानं चाचपायचं आणि तिथल्या तिथं बोली करायची. मारवेल असला तर डोळे मिटून घ्यावा, जनावर चाटून खातं. पवना आणि शेडा कोवळा असेपर्यंत चांगला. कुसळी फुलायच्या आत कापली नाही तर तिची कुसळं जनावराच्या जिभेत आणि माणसाच्या धोतरात शिरतात. एवढं कळलं की धंदा कळला. राहतं ते भांडण, आणि त्यात मला कुणी शिकवायची गरज कधी पडली नाही.

माझा आवाज मोठा आहे. गोदामासमोरचा चहावाला सांगतो की मी, म्हणजे त्याचे अण्णा, बोलायला लागलो की रस्त्यावरची गिऱ्हाइकं त्याच्या टपरीवर येतात, तमाशा बघत चहा पितात. अशा माणसाकडे एक दिवस रेवतीअक्का आली. संस्थेत नोकरीला, फुलपाखरांवर शिकलेली, तिशीच्या आतली. पायात बूट, पाठीला पिशवी. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"गवताचं बी पाहिजे," ती म्हणाली.

"कशाला?"

"पेरायला."

मला हसू आलं. "अक्का, गवत कुणी पेरतंय व्हय? ज्वारी पेरत्यात. गवत आपलं आपण येतंय."

"मंठाळच्या वरच्या माळावर आपलं आपण यायलंय का अजून?"

इथं ती बरोबर होती. तो माळ मी तरुणपणी तीन वेळा बोलीत घेतला होता. तांबड्या जांभ्या दगडाचं पठार, आणि जिथं खोलगट तिथं काळ्या मातीचे पट्टे. दिवाळीच्या सुमाराला गवताला तांबूस रंग चढायचा आणि लांबून सगळा माळ जनावराच्या कातडीसारखा दिसायचा. पुढं कधीतरी तिथं वेडी बाभूळ घुसली. तिच्या मागोमाग गाजरगवत आलं. मी बोली करणं सोडलं आणि माळ विसरलो. व्यापारी माणूस, जिथं माल नाही तिथं बघत नाही.

अक्कानं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक पान काढून माझ्या हातावर ठेवलं. मूत्रपिंडाच्या आकाराचं, राखट हिरवं. चुरगळलं तर घाण वास.

"ही किडामारी," मी म्हणालो. "जनावराच्या जखमेत किडे पडले की हिचा रस घालत्यात. जमिनीवर पसरती."

"हिच्याच पानांवर एक फुलपाखरू अंडी घालतं. काळे पंख, त्यावर पांढरे पट्टे, खालच्या पंखांवर लाल ठिपके, अंग लालभडक. तुम्ही बघितलंय?"

बघितलं होतं, पण कधी ते आठवेना. मग कळलं की बऱ्याच वर्षांत बघितलंच नव्हतं. अक्कानं सांगितलं ते असं. शेतात तणनाशक आलं आणि बांधावरची किडामारी गेली. माळावर बाभूळ आली आणि सावलीत तिथलीही गेली. दुसऱ्या पानावर ही अळी वाढत नाही. पान गेलं की पाकोळी गेली (फुलपाखराला आम्ही पाकोळी म्हणतो), तिला दुसरा धंदा येत नाही.

"एका पाकोळीसाठी सगळा माळ परत करायचा?" मी विचारलं.

"तुम्ही चार मुठी धरून सगळ्या माळाचा अंदाज करता ना, अण्णा? आम्ही ही पाकोळी बघून करतो."

हे बोलणं मला पटलं. समोरच्याच्या धंद्याची भाषा बोलून सौदा करणारा माणूस मला आवडतो. मी तयार झालो, पण एक अट घातली. कुठलं बी, किती आणि कसं पेरायचं हे मी ठरवणार. अक्का हो म्हणाली. त्या अटीनं पुढं काय केलं ते सांगतोच.

गवताचं बी दुकानात मिळत नाही हे वाचकांना माहीत नसेल. ते उभ्या गवतावरून झाडून घ्यावं लागतं, आणि त्याचे दिवस मोजके. कणीस मुठीत धरून हलकेच ओढायचं. बी तळहातावर आलं तर पिकलं. ओढावं लागलं तर कच्चं. आणि मूठ रिकामी निघाली तर तुमच्या आधी वारा येऊन गेला. पवन्याचे दिवस वेगळे, मारवेलाचे वेगळे. मंठाळच्या पंधरा-वीस बायका मी या कामाला लावल्या. त्या लुगड्याचा ओचा करून बी गोळा करायच्या आणि दिवसभर मला हसायच्या. "अण्णा आता माळाला बारसं घालणार," एक म्हणायची. बी सावलीत वाळवायचं, शेणमातीत कालवून गोळ्या करायच्या, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही आणि मुंग्या नेत नाहीत. बाभळी बुडापासून खणून काढल्या, कारण वेडी बाभूळ तोडली तर ती चौपट होऊन येते. एवढं सगळं करून पाऊसकाळाच्या आधी गोळ्या टाकायच्या.

पण कोवळ्या गवतात मेंढ्या शिरल्या तर सगळं मातीत. त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या बिराप्पाच्या घरच्या मेंढ्या चरत आल्या होत्या. बाभळीतून वाट काढूनही चरत होत्या. बिराप्पा साठीच्या पुढचा, खांद्यावर घोंगडी, एका वाक्यात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारा. त्याच्याशी बोलायला संस्थेनं मला पुढं केलं, कारण आमची ओळख बाजारातली.

"बिराप्पा, थोडे पावसाळे माळ सोडावा लागंल."

"कामून?"

"गवत लावायलाव."

"गवत लावायलास, आन् गवत खाणाऱ्याला हाकलायलास. चांगलं हाय."

"कायमचं न्हाई. मुळं धरूस्तोवर."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्यापुढं धरला. आमच्याकडे जनावराच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि आतल्या आत बोटं धरून आकडा सांगतात, म्हणजे भोवतालच्या माणसांना कळत नाही. मी त्याची पाच बोटं धरली. त्यानं माझं एक बोट धरलं आणि जोरात दाबलं. मी चार केली. तो एकावरच. शेवटी तीनवर आलो, पण फुकट नाही. रब्बीच्या ज्वारीसाठी जी काळी रानं पावसाळ्यात पडीक असतात, तिथं त्याच्या मेंढ्या बसवायची सोय मी करायची. शेतकऱ्याला लेंडीखत, मेंढ्यांना बांधाचा चारा. कडब्यामुळं सगळे शेतकरी माझ्या ओळखीचे. मी सोय केली. तीन पावसाळ्यांचा शब्द होता, आणि मेंढ्या माळाबाहेर होत्या तोवर माझ्याकडून तो एक दिवसही चुकला नाही.

दुसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं. मी माळाच्या मधोमध उभा राहायचो आणि मनात बोली करायचो. असा दाट मारवेल मी आयुष्यात बघितला नव्हता. साहेब आले, गवतात उभे राहून फोटो काढून घेतले, माझ्या पाठीवर थाप मारली. अक्का मात्र खाली मान घालून गवत बाजूला सारत फिरत होती.

"अण्णा, किडामारी कुठं आहे?"

आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत शोधलं. एके ठिकाणी दोन वेल सापडले, पिवळे, लांबट, उन्हासाठी तडफडत वर आलेले. पानावर ना अंडं ना अळी. अक्कानं ते दोन वेल मोजून वहीत लिहिले. त्या लिहिण्याचाच मला राग आला.

"गवत मागितलंव तुमी, गवत दिलाव मी," मी म्हणालो. "पाकोळीचं बी माझ्या गोदामात नसतंय."

"चूक माझी आहे. बियाणं तुम्ही ठरवा म्हटलं मी."

तिनं चूक स्वतःवर घेतली तेव्हा मी आणखी ओरडलो. चूक माझी होती. मी माळ केला तो व्यापाऱ्याचा. जास्त भारे निघतील असं गवत निवडलं, दाट टाकलं. माळावर उघड्या जागा असतात, खुरटी झुडपं असतात, दगडाला चिकटलेले वेल असतात, त्यांचा भारा बांधता येत नाही म्हणून ते माझ्या नजरेला कधी पडलेच नव्हते.

त्याच आठवड्यात बिराप्पा माळाच्या कडेच्या वाटेनं मेंढ्या घेऊन चालला होता. वाटेवर उभा राहून त्यानं माळ बघितला.

"अण्णा, माळ न्हाई केलास तू. कडब्याचं रान केलास."

"तुला काय कळतंय रे?"

"तुमी ती किडामारी हुडकायलाव म्हनं. तिला ऊन लागतंय. मेंढी तिला तोंड लावत न्हाई, कडू हाय ती. मेंढी भवतालचं खाती आन् तिला ठिवती. तू मेंढी काढलास, किडामारी मेली. इतकी साधी गोष्ट हाय."

मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो मेंढ्या हाकत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी विळा घेऊन एकटा माळावर गेलो आणि काळ्या मातीच्या एका पट्ट्यात, अंगणाएवढ्या जागेतलं गवत बुडाशी कापून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. मेंढपाळाचं ऐकायचं तर आधी माल तपासून. पंधरवड्यात तिथं किडामारीचे कोंब आले. मुळं जमिनीत जिवंत होती, वर उजेड नव्हता एवढंच.

मग मी बिराप्पाच्या तळावर गेलो. तीन पावसाळे मेंढ्या आणू नको म्हणून ज्याच्याशी सौदा केला, त्याला दोनच पावसाळ्यांनी मेंढ्या आण म्हणून सांगायला. त्याची बायको निंगव्वा चुलीपुढं होती. तिनं मला बघून तोंडाला पदर लावला. लाजून नव्हे, हसू दाबायला.

"आता पाय धरायला आलास व्हय?" बिराप्पा म्हणाला.

"पाय कामून धरू? सौदा करायलाव."

"पयला सौदा तूच मोडायलास."

"तुझ्या फायद्याचा मोडायलाव."

"माझा फायदा तुला कवापासून दिसायलाय?" तो म्हणाला. मग गंभीर झाला. "अण्णा, आता गवत आलंय. आता सगळ्यांची नजर पडंल. तुझी संस्था आज हाय, उद्या जाईल. जाताना माळाला कुलूप लावून जाईल. मेंढी आणतो, पण त्या साहेबाला माळावर आण. त्याच्या तोंडानं ऐकायचं हाय मला."

साहेब आले. माळाच्या वरच्या अंगाला बिरोबाचं ठाणं आहे, तीन दगड आणि एक लिंब. तिथं आम्ही चौघं उभे होतो. साहेब, रेवतीअक्का, बिराप्पा आणि मी. साहेब चांगलं बोलतात. म्हणाले, "मेंढ्या हा या योजनेचा भाग आहे. संस्था इथं असो वा नसो, तुमची चराई राहील. माझा शब्द आहे." बिराप्पानं पिशवीतून भंडारा, बिरोबाची हळद, काढून त्यांच्यापुढं तळहात धरला. आमच्या भागात भंडारा उचलून दिलेल्या शब्दाला कागद लागत नाही. साहेबांनी हात जोडले. "मी हे मानत नाही, आणि जे मानत नाही ते करणं खोटेपणाचं होईल. आमच्या वतीनं अण्णा उचलतील." बोलणं किती सरळ वाटलं. मी पुढं झालो आणि भंडारा उचलला.

टॉवेलाखाली हात न घालणाऱ्याशी मी आयुष्यात कधी जनावराचा सौदा केला नाही. त्या दिवशी केला. साहेब शिकलेले, मोठे, मला पाठीवर थाप देणारे. माझ्या नजरेनं गवत ओळखलं, माणूस ओळखला नाही.

मेंढ्या आल्या. अक्कानं आणि बिराप्पानं मिळून पद्धत ठरवली. माळाचे सहा भाग केले, एका भागात चार-पाच दिवस मेंढ्या, मग पुढचा भाग. ज्या भागात बी पिकायला आलंय तो सोडायचा. अक्का वहीत लिहायची, बिराप्पा खुणेचे दगड ठेवायचा, आणि दोघांचं जुळायचं. कधी जुळलं नाही तर दगड खरे धरायचे, असंही अक्कानंच ठरवलं. मेंढ्यांनी मारवेल खाली आणला. मध्ये मध्ये तांबडी जमीन दिसू लागली. काळ्या पट्ट्यांत किडामारी पसरली, जमिनीला चिकटून, जाड पानांची.

तिसऱ्या पावसाळ्यात, गणपतीच्या आगेमागे, एका सकाळी अक्कानं मला हाक मारली आणि गुडघ्यावर बसायला सांगितलं. माझे गुडघे तेव्हाही बरे नव्हते. बसलो. पानाच्या खालच्या अंगाला तांबूस दाणे, राजगिऱ्याएवढे. शेजारच्या वेलावर अळी, काळपट, अंगभर तांबडी बोंडं. असलं ध्यान मी दुसरीकडं बघितलं असतं तर चपलेनं चिरडलं असतं. ते कडू पान खाऊन ती अळी स्वतः कडू होते, पाकोळी झाल्यावरही कडूच राहते, म्हणून पाखरं तिला खात नाहीत, असं अक्कानं सांगितलं. मागं उभा असलेला बिराप्पा म्हणाला, "अण्णासारखीच हाय म्हन की." अक्का हसली. मीही हसलो, तेवढं चालतं.

पुढच्या पंधरवड्यात माळावर लाल अंगाच्या पाकोळ्या उडाल्या. जमिनीपासून हातभर उंचीवरून, घाई न करता, मेंढ्यांच्या पाठींवरून. फार नव्हत्या. बिराप्पा म्हणाला, त्याच्या बापाच्या वेळी अशाच असायच्या. मी जन्मभर या माळावर विकता येईल तेच बघत आलो होतो. त्या वर्षी मी रोज सकाळी गाडी काढून तिथं जायचो, आणि गोदामात कुणी विचारलं तर वसुलीला गेलो होतो म्हणून सांगायचो.

बातमी पसरली की माणसं येतात. कलबुर्गीहून एक मंगल कार्यालयवाला आला. पांढरे बूट, हातात दोन फोन.

"अण्णा, दोनशे पाकोळ्या पाहिजेत. बंद डब्यात द्या. अक्षता पडताना नवरा-नवरीवर सोडायच्या."

"मेल्या तर?"

"फोटो निघाला म्हणजे झालं."

इथं खरं सांगतो. मी आधी भाव विचारला, मग शिवी दिली. सवय आहे, भाव विचारल्याशिवाय माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. त्याला मी माळाच्या खालच्या रस्त्यापर्यंत पोचवलं, त्याच्या मागून चालत, मोठ्यानं बोलत. बिराप्पाच्या कुत्र्यानं साथ दिली.

त्या माणसावर माझा राग नाही. तो डबे मागायला उघड समोरून आला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी कडब्याच्या कामानं आठ दिवस जहीराबादकडं होतो. परत आलो तो निंगव्वा गोदामाच्या दारात उभी. "अण्णा, माळावर यंत्र आलंय," एवढंच बोलली. गेलो तर जेसीबी चर खणत होता. आत चुन्याच्या खुणा, ओळीनं खड्डे. काळ्या मातीचे पट्टे त्यांनी आधी धरले होते, खणायला मऊ म्हणून. खड्ड्यातून निघालेल्या मातीत किडामारीची मुळं उपटून पडलेली. मी यंत्रासमोर उभा राहिलो. चालवणाऱ्या बिचाऱ्याचं हातावर पोट, त्यानं यंत्र बंद केलं आणि साहेबांना फोन लावून माझ्या हातात दिला.

"अण्णा, दुसऱ्या टप्प्यात वृक्षारोपण आहे," साहेब म्हणाले. "देणगीदारांना झाडं दाखवता येतात. गवत कसं दाखवायचं?"

"तुम्हीच फोटो काढलात की त्यात उभं राहून."

"झाडं लावणं वाईट आहे का?"

"इथं वाईट आहे. सावली पडली की किडामारी जाते. अक्कानं तुम्हाला दहा वेळा सांगितलंय. आणि मेंढ्यांचं काय?"

"झाडं मोठी होईपर्यंत मेंढ्या आत नकोत."

"शब्द दिला होता तुम्ही. बिराप्पासमोर."

"अण्णा, भंडारा तुम्ही उचलला होता."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. फोन मी त्या माणसाला परत दिला. दुपारनंतर यंत्र पुन्हा चालू झालं.

मग मी तो अहवाल मागवला, ज्यावर दुसऱ्या टप्प्याची मंजुरी मिळाली होती. माझा पुतण्या वकिलाकडं कामाला आहे, त्यानं वाचून दाखवला. पंचायतीच्या ना-हरकतीसोबत तो जोडलेला होता. त्यात फुलपाखरांचे फोटो आहेत, गवताचे आहेत, मीही एका कोपऱ्यात आहे, 'स्थानिक बियाणे पुरवठादार' म्हणून. मेंढ्या एकाही फोटोत नाहीत. आणि एक वाक्य आहे: चराई पूर्णपणे बंद केल्यामुळे अधिवास पूर्ववत होऊन फुलपाखरे परतली. मी पुतण्याला ते वाक्य तीन वेळा वाचायला लावलं. मला वाटलं तो चुकतोय.

खड्डे बुजवता येतात. त्या वाक्याचं काय करायचं? ते वाक्य हातात घेऊन उद्या कुणीही चिंताकीच्या गायरानावर जाईल, आणखी दहा गावांच्या माळांवर जाईल आणि मेंढपाळांना सांगेल की बघा, तुम्ही गेलात की फुलपाखरं येतात. मेंढ्यांनी राखलेली फुलपाखरं मेंढ्यांच्याच विरुद्ध साक्षीला उभी केली. मी धंद्यात खूप लबाड्या बघितल्या, काही केल्याही. भाऱ्यात ओलं गवत घालून वजन वाढवणारे बघितले. ज्याचा माल त्यालाच चोर ठरवणारा हा पहिला.

अक्कानं संस्थेत लेखी हरकत घेतली. तिला दुसऱ्या कामावर बदललं. तिनं नोकरी सोडली. सोडताना तिनं आपल्या चराईच्या नोंदींची प्रत मला पाठवली, कुठल्या भागात कधी मेंढ्या होत्या आणि कुठल्या आठवड्यात कुठल्या वेलावर अंडी मिळाली, सगळं तिच्या अक्षरात. सोबत चिठ्ठी होती: "अण्णा, बिराप्पांचे दगड जागेवर आहेत तोवर त्यांचे फोटो काढून ठेवा." मी काढून ठेवले. दोन दगड जेसीबीनं ढकलले होते, बाकीचे होते.

बिराप्पा मला हुलसूरच्या बाजारात भेटला. मी समोरून गेलो. त्यानं मला टाळलं नाही. टाळलं असतं तर बरं झालं असतं.

"अण्णा, हाताचं पिवळं गेलं का तुझ्या?" त्यानं विचारलं.

भर बाजारात मी नकळत तळहात उलटून बघितला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. त्यानं त्या वर्षी निम्म्या मेंढ्या विकल्या. उरलेल्या घेऊन तो मांजरा नदीच्या पलीकडं जातो, जिथं त्याला कुणी ओळखत नाही आणि दर बांधावर नवं भांडण करावं लागतं. निंगव्वाला आता एवढं चालवत नाही.

आता माझं काम सांगतो. ग्रामसभेत ठराव घेतला की हा माळ गायरान आहे आणि चराई चालत आलेली आहे. ठरावाला विरोध करणारे दोघं होते, त्यांच्या घरी चार-चार वेळा जाऊन बसलो. त्यांच्या बायका कंटाळल्या, तेव्हा त्या दोघांनी सही केली. अक्काच्या नोंदी आणि दगडांचे फोटो जोडून अर्ज तालुक्याला दिला, जिल्ह्याला दिला. दर सोमवारी जाऊन बसतो. तिथले कारकून आता मला बघून आधीच चहा मागवतात. मंठाळच्या त्याच बायकांकडून यंदाही बी गोळा करून घेतलं आहे. या खेपेला अक्काला फोनवर विचारून मारवेल कमी घेतला. जांभ्यावर लावलेली रोपं बरीचशी वाळली आहेत. मला त्याचं सुख नाही, त्यांच्यासाठी खणलेल्या खड्ड्यांत किडामारी गेली ती गेलीच. पण पूर्वेच्या दोन पट्ट्यांत यंत्र पोचलं नव्हतं. तिथं वेल आहेत, आणि परवा मी स्वतः गुडघ्यावर बसून अंडी बघितली. गवत मात्र पुन्हा वाढायला लागलंय. मेंढ्या लवकर आत आल्या नाहीत तर वर्ष-दीड वर्षात तेही झाकलं जाईल. माझ्याकडं तेवढाच वेळ आहे.

मध्यंतरी साहेबांचा निरोप आला. शहरात कार्यक्रम आहे, माळ वाचवणाऱ्यांचा सत्कार आहे, अण्णांना बोलवायचंय, शाल आणि मानपत्र. निरोप आणणाऱ्याला मी विचारलं, बिराप्पाला बोलावलंय का? त्याला नाव माहीत नव्हतं. मी गेलो नाही.

साहेब, हा अंक तुमच्याकडं येतो हे मला ठाऊक आहे, तुमच्या टेबलावर मी तो बघितला आहे. मला तुमच्याकडून काही नको. तुम्ही एकदा त्या माळावर या. चराच्या पलीकडं बिराप्पाला उभा करण्याची जबाबदारी माझी, तो माझ्याशी बोलत नसला तरी यासाठी येईल. तुमचा अहवाल घेऊन या, ते एक वाक्य त्याच्यासमोर मोठ्यानं वाचा, आणि मग त्याला सांगा: माळ बंद होता त्या दोन पावसाळ्यांत फुलपाखरं का आली नाहीत, आणि कुणाच्या मेंढ्या आत आल्यावर ती आली. उत्तर मला देऊ नका. त्याला द्या.